पहिल्यांदाच तांदळाची खीर करताय? चव न बघता जमेल अशी टप्प्याटप्प्याने कृती

भाद्रपदात पितृपक्ष लागला की दरवर्षी कोणी ना कोणी पहिल्यांदाच स्वयंपाकाला उभं राहिलेलं असतं. सासूबाई गावाला, नाहीतर आईला आता होत नाही, नाहीतर दोघंच नवराबायको पुण्यामुंबईत किंवा पार न्यू जर्सीत, आणि तिथीला पान तर वाढायचंय. वडे, कढी, आमसुलाची चटणी, गवार-भोपळ्याच्या भाज्या हे फोनवर विचारून जमून जातं, पण खीर विचारली की उत्तर येतं, "अगं मूठभर तांदूळ घे, दूध आटव आणि साखर घाल अंदाजाने." हा अंदाज ज्यांना आहे त्यांना तो आहे, तुम्हाला कुठून असणार?

त्यात नैवेद्याच्या स्वयंपाकाची आधी चव घ्यायची नाही, म्हणजे साखर कमी पडली का, तांदूळ शिजला का हे चाखून बघायची सोयच नाही. म्हणून ही कृती मी अशी लिहितेय की सगळं मापाने घ्यायचं आणि बाकीचं डोळ्यांनी, नाकाने आणि बोटांनी ओळखायचं. बारशाला किंवा सहज रविवारी करणार असाल तर खुशाल चव बघा, कृती तीच.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, बहुतेक खिरी इथेच बिघडतात. गॅसवर असताना खीर जेवढी घट्ट दिसते त्याच्या दीडपट तरी घट्ट ती गार झाल्यावर होते. म्हणजे खीर करताना तुम्हाला जे पातेल्यात दिसतंय त्याकडे बघून नाही तर दोन तासांनी ती कशी असेल हे धरून उतरवायची. पुढचे सगळे टप्पे याच हिशोबाने आहेत.

आधी सामान काढून ठेवा

१ लिटर दुधाचं माप देतेय, मध्यम वाटीने ५-६ जणांना पुरतं.

- दूध १ लिटर, फुल क्रीम किंवा म्हशीचं
- तांदूळ ५० ग्रॅम, म्हणजे मापाच्या मोठ्या चमच्याने (१५ मिलीचा टेबलस्पून) सपाट ४ चमचे
- साखर १०० ग्रॅम, त्याच चमच्याने ८ सपाट
- साजूक तूप २ छोटे चमचे
- वेलची ५-६
- जायफळ अगदी थोडं किंवा केशर १०-१२ काड्या
- चारोळी १ मोठा चमचा, बदाम ८-१०
- जाड बुडाचं पातेलं, कमीत कमी ३ लिटरचं
- लांब दांड्याचा सपाट टोकाचा चमचा किंवा लाकडी उलथणं
- स्टीलची एक छोटी ताटली, ही फ्रीजमध्ये ठेवून द्या, कशाला ते पुढे सांगते

वाटीच्या मापावर जाऊ नका कारण प्रत्येकाच्या घरची वाटी वेगळी, कोणाची १०० मिलीची तर कोणाची २०० ची, आणि "पाव वाटी तांदूळ" वाचून मोठ्या वाटीची पाव घेतली तरी चालून जातं पण अर्धी घेतली की संपलं, खिरीचा गोड भात होतो. ५० ग्रॅम तांदूळ हातात घेतला तर इतकासाच दिसतो की भीती वाटते आणि हात आपोआप अजून एक मूठ टाकायला जातो. टाकू नका. पानावर थेट वाढायची असेल, द्रोण किंवा वाटी नसेल, तर ओघळू नये म्हणून ६० ग्रॅम घ्या, त्याच्या वर नाही.

१. तांदूळ कुठला घ्यायचा

बुटका, सुवासिक आणि शिजल्यावर मऊ होणारा. आपल्याकडे यासाठी आंबेमोहोर पहिला. मुळशी-मावळ-भोरकडचा, आंब्याच्या मोहोरासारखा वास म्हणून ते नाव. कोल्हापूरकडचे असाल तर आजऱ्याचा घनसाळ मिळेल, तोही उत्तम, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हे नाही मिळालं तर इंद्रायणी घ्या, वास थोडा कमी पण दूध छान दाट करतो. दुकानात आंबेमोहोर म्हणून काहीही देतात तेव्हा मूठभर तांदूळ तळहातात चोळून वास घ्या, वास आला तरच घ्या. आणि अख्खा तांदूळ महाग वाटला तर त्याचीच कणी मागा, स्वस्त असते आणि खिरीला आपल्याला कणीच करायचीय.

बासमती चालतो का? चालतो, वास चांगला येतो, पण तो मोकळा राहणारा तांदूळ आहे, दुधात विरघळल्यासारखा होत नाही, त्यामुळे भरडून घेतलात तरच घ्या. उकडा तांदूळ अजिबात नको. परदेशात असाल तर इंडियन स्टोअरमध्ये सोना मसूरी मिळतो तो चालेल, बंगाली दुकान जवळ असेल तर गोविंदभोग मागा, ते लोक पायेस त्याचाच करतात आणि तो आपल्या आंबेमोहोराच्या खूप जवळचा आहे.

२. धुवा, वाळवा, भरडा

तांदूळ दोन पाण्यांनी धुवा, चाळणीत निथळा आणि स्वच्छ सुती कापडावर पसरून तासभर पंख्याखाली ठेवा. वरून कोरडा वाटला पाहिजे, आत थोडा ओलावा राहिला तर चांगलंच, लवकर भरडला जातो. मग मिक्सरमध्ये थांबून थांबून, एकेक सेकंदच फिरवा, तीनचार वेळा. एका दाण्याचे तीनचार तुकडे व्हायला हवेत, जाड रव्यासारखं.

मिक्सर सलग चालू ठेवला तर पीठ होतं आणि पीठ झालं की खीर खळीसारखी चिकट होते, वर चकाकी येते आणि जिभेवर तांदूळ म्हणून काही लागतच नाही. थोडंफार पीठ होणारच, ते बारीक चाळणीने चाळून बाजूला काढा, घावनात घाला.

अख्ख्या तांदळाची खीर पण करतात, माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करताना कणीचीच करा. अख्खा दाणा दुधात शिजायला खूप वेळ घेतो आणि बाहेरून मऊ झाला तरी मध्ये कच्चा राहिलेला कळत नाही.

३. दूध चढवा

पाकिटावर फॅट किती लिहिलंय ते बघा. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के असतं, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५. टोन्ड दुधाची खीर होत नाही असं नाही पण ते इतकं आटवावं लागतं की तास-सव्वा तास जातो आणि तरी ती साय-साय चव येत नाही. अमेरिकेतलं होल मिल्क सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतं, तिकडे एक लिटरमध्ये पाऊण लिटर होल मिल्क आणि पाव लिटर हाफ अँड हाफ असं धरा, बरोबर जमतं.

पातेल्यात आधी अर्धी वाटी पाणी घालून सगळीकडे फिरवा आणि ओतून द्या, पुसू नका, मग दूध ओता. बुडाला पाण्याचा पातळ थर राहतो आणि दूध लागायचं कमी होतं. आता मध्यम गॅसवर उकळी आणा, पहिली उकळी येईपर्यंत तिथून हलायचं नाही कारण दूध उतू जातं ते नेमकं आपण पाठ फिरवली की. उकळी आली की गॅस कमी करा, इतका की दूध बारीक बुडबुडे काढत राहील पण वर चढणार नाही.

एक उपयोगाची गोष्ट म्हणजे लाकडी उलथणं दुधात उभं धरून दूध कुठपर्यंत येतं तिथे पेनाने खूण करा. किती आटलं ते सारखं डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा हे सोपं. शेवटी आपल्याला साधारण पाऊण पातळीपर्यंत यायचंय. कणी घालायच्या आधी दहा मिनिटं दूध असंच उकळू द्या, दर दोन मिनिटांनी बुडापासून ढवळा आणि कडेला जमणारी साय खरवडून परत दुधात ढकला, खिरीचा अर्धा दाटपणा या सायीचा असतो.

४. कणी तुपावर परता आणि दुधात घाला

दूध उकळतंय तोवर दुसऱ्या गॅसवर छोट्या कढईत १ चमचा तूप, त्यात कणी, मंद आचेवर तीनचार मिनिटं. रंग बदलायचा नाहीये, लाल झाली तर खिरीला भाजका वास येतो. कणी हलकी झाली, कढईत सळसळ आवाज यायला लागला आणि भाताचा खमंग वास सुटला की बंद. परतल्याने कणी दुधात एकमेकींना चिकटत नाही, म्हणून हा टप्पा वगळू नका.

आता एका हाताने कणी बारीक धारेने दुधात सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. सगळी एकदम ओतली तर गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या आतून कोरड्या राहतात. घातल्यानंतरची पहिली पाच मिनिटं सतत ढवळायचं कारण कणी जड असते, खाली बसते आणि तिथेच लागते. नंतर दर मिनिटा-दोन मिनिटांनी.

५. शिजली का हे चव न घेता कसं कळणार

साधारण २० ते २५ मिनिटं लागतात पण घड्याळापेक्षा हे बघा. चमच्यात थोडी खीर घ्या, गार होऊ द्या, एक कणी उचलून अंगठा आणि बोटात दाबा. पूर्ण चेपली गेली, मध्ये खडा किंवा पांढरा ठिपका राहिला नाही, म्हणजे शिजली. जरा जरी टचटच लागलं तर अजून पाच मिनिटं. दूध फार आटलंय आणि कणी अजून शिजत नाही असं झालं तर अर्धी वाटी गरम दूध वाढवा, गार दूध नको, शिजणं मध्येच थांबतं.

घाईत असाल तर कणी आधी कुकरला लावा. छोट्या डब्यात कणी आणि तिच्या तिप्पट पाणी, तीन शिट्ट्या, मग घोटून दुधात घाला. दहा मिनिटं वाचतात. थेट दूधच कुकरमध्ये घालून शिट्टी करायचा प्रकार नवशिक्यांनी करू नये, दूध फेसाळून शिट्टीतून बाहेर येतं आणि वाट तुंबू शकते, ते धोक्याचं आहे.

६. साखर, आणि ती आत्ताच का

कणी पूर्ण शिजल्याशिवाय साखर घालायची नाही. साखर आधी पडली तर ती पाणी धरून ठेवते, तांदळातल्या स्टार्चला फुलायला पाणी कमी पडतं आणि मग कितीही वेळ ठेवा, कणी अर्धवट कडकच राहते. "माझे तांदूळ शिजलेच नाहीत" असं ज्या खिरीबद्दल ऐकू येतं तिच्यात बहुतेक वेळा साखर लवकर पडलेली असते.

साखर घातली की खीर एकदम पातळ होते, घाबरू नका, साखरेचं पाणी होतं म्हणून. लगेच आटवत बसू नका, ७-८ मिनिटं मंद गॅसवर ढवळा, परत जागेवर येते. १०० ग्रॅमने मध्यम गोड होते. खीर फ्रीजमधून गार वाढणार असाल तर ११०-११५ ग्रॅम घ्या, कारण गार पदार्थात गोडी कमी लागते.

७. वेलची, जायफळ, केशर, सुका मेवा

केशर घालायचं असेल तर दूध चढवलं तेव्हाच दोन चमचे कोमट दुधात भिजत टाका आणि साखरेबरोबर घाला. वेलची ताजी कुटून, गॅस बंद केल्यावर, आधी घातली तर वास उडून जातो. जायफळ किसणीवर दोनतीनदा घासलं की बास, जास्त झालं तर कडसर लागतं. जायफळ आणि केशर दोन्ही एकदम घालू नका असं मी म्हणेन, एक दुसऱ्याला मारतं, आणि पक्षाच्या खिरीला वेलची-जायफळच शोभतं.

चारोळी घालण्याआधी डब्याचा वास घ्या. चारोळी लवकर खवट होते आणि एक चमचा खवट चारोळी लिटरभर खिरीची वाट लावते. वास चांगला असेल तर उरलेल्या तुपात चारोळी आणि बदामाचे काप हलकेच परतून वर घाला. एवढं पुरे. काजू, पिस्ता, खजूर, चेरी सगळं टाकून तांदळाचा आणि दुधाचा स्वतःचा वास झाकून टाकू नका, इतका वेळ उभं राहून आपण तो वासच तर मिळवलाय. मनुका आंबट निघाल्या तर गरम दूध फाटू शकतं, हव्याच असतील तर खीर कोमट झाल्यावर.

८. उतरवायची कधी

आता फ्रीजमधली ताटली काढा. चमचाभर खीर तिच्यावर टाका, एक मिनिट थांबा, ताटली तिरकी करा. खीर सावकाश घसरत गेली आणि मागे पातळ पांढरा माग राहिला तर बरोबर. पाण्यासारखी पळाली तर अजून पाच मिनिटं. जागची हललीच नाही तर जास्त आटलीय, अर्धी वाटी गरम दूध घालून एक उकळी काढा. गार ताटलीवर दोन तासांनंतरचा दाटपणा एका मिनिटात दिसतो, चव घ्यावी लागत नाही. उलथण्यावरची खूणही बघा, पाऊण पातळीच्या आसपास असेल.

झाकण ठेवायचं असेल तर वाफ जाऊ दे आणि मग, नाहीतर झाकणाचं पाणी खिरीत टपकतं. वर साय धरू नये असं वाटत असेल तर गार होईपर्यंत अधूनमधून ढवळा.

९. गूळ घालायचा असेल तर

गरम दुधात गूळ घातला की दूध फाटतं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. गूळ थोडा आम्लधर्मी असतो आणि दूध जितकं गरम तितकं ते कमी आम्लातही फाटतं. मग करायचं असं, साखर वगळून खीर पूर्ण करा, गॅस बंद करा, बोट सहज ठेवता येईल इतकी कोमट होऊ द्या. १२० ग्रॅम गूळ पाव वाटी पाण्यात विरघळवून एक उकळी काढा, गाळा, तोही कोमट करा आणि मग मिसळा. मिसळल्यावर परत गॅसवर ठेवायचं नाही, वाढताना गरम करायचा मोह होतो तेव्हाच घात होतो.

कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न येतच नाही कारण तिथे नारळाच्या रसातली खीर करतात आणि गुळाची गोडी नारळालाच जास्त खुलते. एका नारळाचा चव वाटून आधी घट्ट रस काढा, साधारण १ कप, मग त्याच चोथ्यात गरम पाणी घालून अडीच कप पातळ रस. कणी पातळ रसात शिजवा, शिजली की गूळ, गूळ विरघळला की गॅस अगदी बारीक करून घट्ट रस, आणि कडेला बुडबुडा दिसायच्या आत बंद. घट्ट रस उकळला तर फुटतो, तेल वर येतं. हळदीचं पान मिळालं तर शिजताना गाठ मारून टाका आणि वाढायच्या आधी काढा, भाद्रपदात कोकणातल्या परसात ती असतातच.

१०. बिघडलं तर काय

खाली लागलं आणि करपल्याचा वास आला तर पहिलं काम म्हणजे ढवळणं थांबवा. बूड खरवडू नका. वरची खीर अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता, शेवटचा बोटभर थर सोडून द्या. लगेच केलंत तर वास राहत नाही, एकदा खरवडून मिसळलं की वेलचीने पण झाकत नाही.

गुठळ्या झाल्या तर रवीने घोटा, मिक्सरचा हँड ब्लेंडर नको, त्याने पीठ होतं. दूध फाटलं तर ते परत जुळत नाही. घरच्यांसाठी ती गोड म्हणून खायला चालेल, पण नैवेद्यासाठी नवीन लावा, म्हणून तिथीच्या दिवशी अर्धा लिटर दूध जास्तीचं आणून ठेवा.

११. जास्त माणसं असतील आणि खीर उरली तर

१५-२० पानं असतील तर ४ लिटर एका पातेल्यात लावण्यापेक्षा दोन-दोन लिटरची दोन पातेली लावा, मोठ्या पातेल्यात दूध आटायला खूप वेळ लागतो आणि बूड लागायची भीती वाढते. तांदूळ आणि साखर त्याच प्रमाणात वाढवा, वेलची-जायफळ मात्र चौपट नको, तिप्पट पुरतं. स्वयंपाक मोठा असेल तर कणी आदल्या दिवशी भरडून, वाळवून ठेवा आणि सकाळी खीर सगळ्यात आधी चढवा म्हणजे वड्यांच्या वेळी गॅस मोकळा राहतो.

उरलेली खीर बाहेर ठेवू नका. शिजलेल्या तांदळात आणि दुधात जंतू लवकर वाढतात, त्यातले काही शिजवूनही पूर्ण मरत नाहीत, आणि भाद्रपदातली दमट हवा, त्यामुळे जेवणं झाली की दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये. दोन दिवसांत संपवा. फ्रीजमध्ये ती थिजल्यासारखी घट्ट होईल, तशी गारच आवडत असेल तर ठीक, नाहीतर वाढायच्या आधी थोडं दूध गरम करून त्यात सैल करा. गुळाची असेल तर हे दूधही कोमटच घ्या.